विमानात बॅटरी नेताना: कुठली हातात, कुठली बॅगेत, कुठली घरीच

पहिल्यांदा विमानाने निघालेला माणूस बॅग भरताना सहसा उलटा विचार करतो. कात्री, चाकू, शाम्पूची मोठी बाटली खालच्या सामानात पाठवायची असते हे त्याने ऐकलेलं असतं, मग बॅटरीलाही तो तोच न्याय लावतो. पेट घेणारी वस्तू आहे ना, आपल्यापासून लांब असलेली बरी! नियम नेमका याच्या उलट आहे. सुटी लिथियम बॅटरी वर, केबिनमध्ये, तुमच्या हाताशी हवी. असं का, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत. म्हणून आधी कारण सांगतो, मग बॅग भरायला घेऊ.

पाणी कुठे पोचतं, हा खरा प्रश्न

लिथियम-आयन सेलमध्ये दोन इलेक्ट्रोडांच्या मध्ये प्लॅस्टिकचा अगदी पातळ पडदा असतो आणि सगळं एका ज्वलनशील द्रवात भिजलेलं असतं. सेल चेपला गेला, मुळातच दोष असला किंवा बाहेरून शॉर्ट सर्किट झालं, तर आतलं तापमान चढू लागतं. त्या उष्णतेने रासायनिक क्रिया वेग घेते, तिच्यातून आणखी उष्णता निघते आणि एका सेलची धग शेजारच्याला लागते. याला थर्मल रनअवे म्हणतात. अशा वेळी वरच्या ज्वाळा विझवून भागत नाही. सेल गार करावा लागतो, आणि त्यासाठी पाण्याइतकं दुसरं काही उपयोगी नाही.

विमानाच्या पोटातल्या सामानघरात आग विझवायला हॅलॉन वायूची यंत्रणा असते. कपड्यांना, कागदांना लागलेली आग ती दाबते, पण तापलेला सेल तिने गार होत नाही. आणि उडत्या विमानात तिथे पाण्याची बाटली घेऊन कुणी उतरू शकत नाही. २०१७ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने सामानाच्या बॅगेत लॅपटॉप तापवून काही चाचण्या केल्या. त्यांपैकी एकीत लॅपटॉपला ड्राय शाम्पूचा स्प्रे-कॅन बांधलेला होता. तो ४० सेकंदांच्या आत फुटला. म्हणजे हॅलॉनला काम करायला फुरसतच मिळाली नसती.

केबिनमध्ये तीच बॅटरी धुमसली तर कुणाच्या तरी नाकाला वास येतो, धूर दिसतो, क्रू पाणी घेऊन धावतो. एवढाच फरक, पण सगळी नियमावली त्याच्यावर उभी आहे.

मालवाहतुकीत याची किंमत फार मोठी मोजावी लागली. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएस या कुरिअर कंपनीच्या बोइंग ७४७ मालवाहू विमानात, लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालाला आग लागली आणि दोन्ही वैमानिक दगावले. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्यांचा माल पाठवण्यावर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने बंदी घातली आहे.

पायरी १: सगळ्या बॅटऱ्या पलंगावर काढा

बॅग भरायच्या आदल्या दिवशी बॅटरीवर चालणारं जे जे नेणार आहात ते एकत्र करा. फोन, लॅपटॉप, घड्याळ, इअरबड्स, कॅमेरा, ट्रिमर, इलेक्ट्रिक टूथब्रश, पॉवर बँक, कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या, ड्रोन, सगळं. मग दोन ढीग करा: उपकरणात बसलेल्या बॅटऱ्या आणि सुट्या बॅटऱ्या.

इथे नवखे लोक हमखास चुकतात. पॉवर बँक हे त्यांना उपकरण वाटतं, कारण तिला बटण असतं, दिवे असतात, एखादा डिस्प्लेही असतो. नियमाच्या नजरेत मात्र ती सुटी बॅटरीच आहे, कारण तिचं एकमेव काम दुसऱ्याला वीज पुरवणं. फोनला लावायचं चार्जिंग कव्हरही त्याच ढिगात. उलट, कॅमेऱ्याच्या आत बसलेली बॅटरी उपकरणातली, आणि तीच बाहेर काढून पाऊचमध्ये टाकली की सुटी.

ढीग करता करता प्रत्येक वस्तू हातात घेऊन नीट बघा. फुगलेली, चिरलेली, गळणारी, एकदा पाण्यात पडून निघालेली किंवा चार्जिंगला लावल्यावर नको तितकी तापणारी बॅटरी विमानात नेताच येत नाही, ना वर ना खाली. माझ्या एका जुन्या पॉवर बँकेचं कवच मधल्या शिवणीपाशी नखभर उघडलं होतं. टेबलावर ठेवली की ती भोवऱ्यासारखी गरगर फिरायची, कारण तिचं पोट सपाट राहिलं नव्हतं. चार्ज उत्तम होत होती, म्हणून मी ती दोन प्रवास वापरली. आता विचार केला तर अंगावर काटा येतो. तुमच्याकडची कुठलीही बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवून बघा. फिरली तर तिचा प्रवास तिथेच संपला. तिला कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा संकलनात द्या.

कंपनीने दोष कबूल करून परत मागवलेलं मॉडेल असेल तर तेही धोक्याच्या यादीत येतं. २०१६ मध्ये सॅमसंग गॅलक्सी नोट ७ च्या बाबतीत अमेरिकेने तो फोन विमानात आणायलाच मनाई केली होती, बंद करूनही नाही आणि खिशातूनही नाही.

पायरी २: वॅट-अवर काढा

विमान कंपन्यांचा हिशेब एमएएचमध्ये चालत नाही, वॅट-अवरमध्ये, म्हणजे बॅटरीत एकूण किती ऊर्जा मावते त्या मापात चालतो. पॉवर बँक उलटी करा, खालची बारीक अक्षरं वाचा (फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून वाचणं सोपं जातं) आणि 'डब्ल्यूएच' (Wh) लिहिलेला आकडा शोधा. तो असेल तर काम झालं. नसेल तर गणित सोपं आहे: एमएएच भागिले १०००, गुणिले व्होल्ट.

फक्त व्होल्ट कुठले घ्यायचे, इथे गोची होते. पॉवर बँकेवर दोन-तीन व्होल्टेज छापलेले असतात. बाहेर जाणारी वीज ५ व्होल्ट, वेगवान चार्जिंगची ९ किंवा १२, आणि आतल्या सेलचे ३.६ किंवा ३.७. क्षमता म्हणून जो मोठा एमएएच आकडा मिरवलेला असतो तो आतल्या सेलचा असतो, म्हणून गुणाकारही सेलच्या व्होल्टेजने करायचा. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॅट-अवर. २०,००० म्हणजे ७४. २६,८०० म्हणजे ९९ च्या किंचित वर. ३०,००० म्हणजे १११. पाचाने गुणलं तर २०,००० ची पॉवर बँक उगाचच १०० वॅट-अवरला, म्हणजे विनापरवानगी नेण्याच्या मर्यादेला जाऊन टेकते आणि माणूस घाबरून ती घरी ठेवतो.

२६,८०० हा विचित्र आकडा बाजारात का दिसतो, हेही यातून उलगडतं. तो १०० च्या रेषेला नाक लावून थांबलेला आहे. मोठ्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्याही ९९ च्या घरात येऊन थबकतात, त्याचं कारण हेच.

ड्रिल वगैरे हत्यारं नेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. '२० व्होल्ट मॅक्स' असं लिहिलेली बॅटरी प्रत्यक्षात १८ व्होल्टची असते. २० हा पूर्ण चार्ज असतानाचा आकडा. ५ अँपिअर-अवरची असेल तर १८ ने गुणून ९० वॅट-अवर.

अक्षरं पुसली गेली असतील आणि काहीच वाचता येत नसेल, तर गणित तुम्हाला तोंडपाठ असून उपयोग नाही. सुरक्षा तपासणीतला माणूस तुमच्या शब्दावर विसंबत नाही, छापील आकड्यावर विसंबतो. अशी पॉवर बँक काढून घेतली जाऊ शकते. नवी घेताना वॅट-अवर ठळक छापलेलीच घ्या.

पायरी ३: १०० आणि १६०

लक्षात ठेवायच्या रेषा दोनच.

१०० वॅट-अवरपर्यंत: कुणाची परवानगी लागत नाही. फोन, लॅपटॉप, कॅमेरे, बहुतेक पॉवर बँका, लहान ड्रोनच्या बॅटऱ्या सगळ्या इथेच बसतात.

१०० च्या वर १६० पर्यंत: विमान कंपनीची आधी परवानगी हवी, आणि अशा सुट्या बॅटऱ्या माणशी दोनच. व्यावसायिक व्हिडिओ कॅमेऱ्याच्या जाड बॅटऱ्या या गटात येतात. परवानगी ईमेलवर मागा आणि उत्तराची प्रत फोनमध्ये ठेवा. काउंटरवर 'फोनवर हो म्हणाले होते' हे चालत नाही.

१६० च्या वर: प्रवाशाच्या सामानात नाही. ई-बाईकची ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची साधी बॅटरी घ्या, ३६० वॅट-अवर होतात. इलेक्ट्रिक स्कूटर आणि हॉव्हरबोर्ड तर अनेक कंपन्या आकडा न बघताच नाकारतात.

चार्ज न होणाऱ्या, एकदा वापरून टाकायच्या लिथियम-धातूच्या बॅटऱ्यांना वेगळं माप आहे: आत २ ग्रॅमपर्यंत लिथियम. घड्याळातला बटण-सेल यात सहज बसतो, एए आकाराचा लिथियम सेलसुद्धा. सामान शोधायला बॅगेत टाकतात त्या छोट्या ट्रॅकरमध्येही बटण-सेलच असतो, त्यामुळे तो चेक-इन बॅगेत चालतो. (साधे अल्कलाइन पेन्सिल सेल मुळात लिथियमचे नसतातच, त्यांची चिंता नको.)

आता संख्या. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना (आयाटा) ही विमान कंपन्यांची संघटना, तिच्या नियमावलीने लहान सुट्या बॅटऱ्यांना माणशी २० पर्यंत मोकळीक दिलेली आहे, पण पॉवर बँकांच्या बाबतीत गेल्या काही काळात कंपन्यांनी आपापले हात बरेच आखडले आहेत. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच, तीही १०० वॅट-अवरच्या आतली, असा नियम केला. चीनने २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानांत '३सी' हे प्रमाणचिन्ह नसलेल्या पॉवर बँकांवर बंदी घातली. म्हणून तिकीट काढलं की त्या कंपनीच्या संकेतस्थळावरचं 'धोकादायक वस्तू' हे पान उघडून वाचा, आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा. वर्षभरापूर्वी मित्र काय घेऊन गेला होता, याला काडीची किंमत नाही.

पायरी ४: टोकं झाका

या पायरीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. कॅमेऱ्याची सुटी बॅटरी हातात घेतली तर एका कडेला सोनेरी रंगाच्या तीन-चार पट्ट्या दिसतात. ती बॅगेच्या तळाशी किल्ल्यांच्या जुडग्यात पडली आणि एखादी किल्ली दोन पट्ट्यांवर आडवी बसली की शॉर्ट सर्किट झालंच. किल्ली चटका बसेल इतकी तापते, बॅटरी त्याहून जास्त.

उपाय अगदी स्वस्त आहेत. बॅटरीबरोबर आलेली प्लॅस्टिकची टोपी फेकू नका, ती याचसाठी असते. टोपी हरवली असेल तर उघड्या पट्ट्यांवर इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा. टेप नको असेल तर प्रत्येक बॅटरी वेगळ्या छोट्या पिशवीत. 'प्रत्येक' यावर जोर, कारण एकाच पिशवीत चार बॅटऱ्या टाकल्या तर त्या एकमेकींनाच भिडतात. ड्रोनवाल्यांच्या सुट्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्यांना मोकळी वायर आणि प्लग असतो, तिथे प्लगवर टोपी हवीच. पॉवर बँकेची यूएसबी छिद्रं आत असतात, तिला स्वतंत्र पाऊच पुरतो. केबल जोडलेली ठेवून मात्र पाऊचमध्ये कोंबू नका.

पायरी ५: चेक-इन बॅगेत काय जाऊ शकतं

उपकरणात बसलेली बॅटरी खाली जाऊ शकते, पण दोन अटी आहेत: उपकरण पूर्ण बंद हवं, आणि आपोआप चालू होणार नाही असं बांधलेलं हवं. पूर्ण बंद म्हणजे शटडाउन. लॅपटॉपचं झाकण मिटवलं की तो झोपतो, बंद होत नाही. कपड्यांच्या गराड्यात जागा झाला तर पंख्याला हवाच मिळत नाही. ट्रिमरला लॉक असेल तर लावा, ड्रिलमधून बॅटरी काढून ती वर न्या. माझं मत विचाराल तर फोन, टॅब्लेट, लॅपटॉप खाली पाठवूच नयेत. नियम परवानगी देतो म्हणून पाठवलंच पाहिजे असं नाही.

ई-सिगारेट खाली अजिबात नाही, फक्त जवळ, आणि विमानात ती चार्ज करणंही मना.

चार्जिंगची सोय असलेल्या 'स्मार्ट' सुटकेसचीही अशीच गंमत आहे. तिची बॅटरी निघणारी असेल तर सुटकेस खाली देताना बॅटरी काढून स्वतःजवळ ठेवायची. न निघणारी असेल आणि २.७ वॅट-अवरपेक्षा मोठी असेल, तर ती सुटकेस विमानात जाऊच शकत नाही. २.७ म्हणजे फारच थोडं. फोन चार्ज करू शकणारी कुठलीही बॅटरी त्याहून मोठीच असते. विकत घेण्याआधी बॅटरी हाताने ओढून काढता येते का, ते बघा.

पायरी ६: गेटवरची गफलत

आतापर्यंत सगळं नीट केलंत आणि तरी इथे फसू शकता. विमान भरलेलं असतं, डोक्यावरचे कप्पे संपलेले असतात आणि गेटवरचा कर्मचारी तुमच्या चाकांच्या केबिन बॅगेला टॅग बांधून म्हणतो, 'ही खाली जाईल.' त्या क्षणी तुमची केबिन बॅग चेक-इन बॅग झाली, आणि तिच्यातल्या सगळ्या सुट्या बॅटऱ्या नियमाबाहेर गेल्या.

माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी निमूटपणे बॅग देऊन दहा पावलं पुढे गेलो होतो. मग आठवलं. परत येऊन, रांग अडवून, गुडघे टेकून बॅग उघडली तर पॉवर बँक सगळ्यात तळाशी, मोजे आणि चार्जरच्या वायरींच्या गुंत्यात. मागच्या माणसांचे सुस्कारे अजून कानात आहेत. तेव्हापासून पॉवर बँक, जादा बॅटऱ्या आणि इअरबड्स एका चेनच्या पाऊचमध्ये असतात, आणि तो पाऊच केबिन बॅगेच्या सगळ्यात बाहेरच्या कप्प्यात. टॅग दिसला की पाऊच काढायचा आणि खांद्यावरच्या पिशवीत टाकायचा. दोन सेकंदांचं काम.

पायरी ७: विमानात बसल्यावर

तो पाऊच डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू नका, समोरच्या सीटच्या खिशात किंवा पायाशी ठेवा. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. आगीची सुरुवात मागच्या बाजूच्या डोक्यावरच्या कप्प्यातून झाली होती आणि संशय पॉवर बँकेवर गेला. विमान जमिनीवर असल्यामुळे सगळे बाहेर पडू शकले, विमानाचं छप्पर मात्र जळून गेलं. त्याच वर्षी १ मार्चपासून कोरियाने तिथल्या विमान कंपन्यांच्या प्रवाशांना पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली. बंद कप्प्यात धूर उशिरा दिसतो, म्हणजे तिथे अर्धं सामानघरच झालं.

पॉवर बँकेने फोन चार्ज करायचा की नाही, हे कंपनीवर अवलंबून आहे. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायला आणि ती चार्ज करायलाही बंदी केली. फोन घरून पूर्ण चार्ज करून निघा, म्हणजे प्रश्नच उरत नाही. चालत असेल तिथेही चार्जिंगला लावलेली पॉवर बँक पांघरुणाखाली किंवा उशीखाली ठेवून झोपू नका.

फोन सीटच्या फटीत पडला तर? सीट मागेपुढे करू नका. हात घालून उकरूही नका. सीटच्या यंत्रणेत अडकलेला फोन दाबला जाऊन पेटल्याच्या घटना घडल्या आहेत. जागेवरून उठा, क्रूला बोलवा, ते काढून देतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्यांच्या हे रोजच्या कामातलं आहे.

आणि खरंच एखादी वस्तू तापली, हिस्स आवाज आला, गोडसर रासायनिक वास आला, तर आधी क्रूला हाक. वस्तू कापडात गुंडाळू नका, बॅगेत परत टाकू नका. बर्फ तर मुळीच लावू नका. गार करायचं म्हणून सुचतं खरं, पण बर्फ बॅटरीभोवती पांघरुणासारखा बसतो आणि उष्णता आतच कोंडतो. ज्वाळा विझल्यावर पाणी किंवा दारू नसलेलं कुठलंही पेय ओतत राहायचं, हे क्रूला शिकवलेलं असतं. तुम्ही फक्त वाट मोकळी करा, आणि जाताना बॅग काढायला थांबू नका.

व्हीलचेअर आणि वैद्यकीय उपकरणं

बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअरला १६० ची रेषा लागू नाही. बॅटरी काढता येत असेल तर ती ३०० वॅट-अवरपर्यंत चालते आणि काढून केबिनमध्ये न्यायची असते. जादा बॅटरी ३०० पर्यंतची एक किंवा १६० पर्यंतच्या दोन. मात्र विमान कंपनीला आधी कळवावंच लागतं, आणि बॅटरीचा प्रकार, वॅट-अवर, ती काढायची पद्धत लिहून द्यावी लागते. खुर्चीच्या माहितीपुस्तिकेतलं ते पान बरोबर ठेवा, कारण खुर्ची हाताळणारा माणूस दरवेळी नवा असतो. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा श्वसनाचं यंत्र नेणाऱ्यांनी प्रवासाच्या पूर्ण वेळेला पुरून वर उशीर झाला तरी उरतील इतक्या बॅटऱ्या न्याव्यात, आणि सीटजवळच्या सॉकेटवर भिस्त ठेवू नये.

परतीच्या वाटेवर

जाताना केलेली तयारी येताना लोक विसरतात. तिकडे घेतलेली नवी पॉवर बँक खोक्यासकट चेक-इन सुटकेसमध्ये जाते, कारण ती 'खरेदी' असते. तीही वरच न्यायची. मध्ये विमान बदलायचं असेल आणि दोन्ही कंपन्या वेगळ्या असतील, तर त्यांतला जास्त कडक नियम पूर्ण प्रवासाला धरा. पहिल्या विमानात चाललेली दुसरी पॉवर बँक दुसऱ्या विमानाच्या गेटवर टाकून द्यावी लागू शकते.

एखादी बॅटरी नातेवाइकांकडे विसरली, तर 'पार्सलने पाठवून द्या' असं परस्पर सांगू नका. पार्सलही बऱ्याचदा विमानानेच जातं आणि त्याचे नियम प्रवाशांपेक्षा कडक आहेत: ठरावीक वेष्टन, बाहेर खुणेचं लेबल, आत काय आहे याची कबुली. आधी कुरिअरवाल्याला 'आत लिथियम बॅटरी आहे' हे स्पष्ट सांगा. बहुधा तो नाहीच म्हणेल. मग पुढच्या भेटीपर्यंत ती तिथेच राहू दे, अर्धवट चार्ज करून, थंड कोरड्या जागी.